खिडकी कोणी लावली?

४ जानेवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहायला हवेत असं नाही. दोन बातम्या आहेत. दोन्ही तुझ्या फायद्याच्या आहेत, म्हणून बसून वाच.

पहिली. गेली सहा वर्षं मी ज्या जुन्या इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करतोय ते पूर्ण झालं. तीन खंडांचं मी एका खंडात आणलं. प्रकाशक म्हणाले, प्राध्यापकसाहेब, हे तुमच्याशिवाय कोणाला जमलं नसतं. मी नको नको म्हटलं, पण माणूस खरं बोलत होता. आणि योगायोग बघ, पुस्तक छापायला दिलंय तुझ्याच छापखान्यात. म्हणजे प्रुफं तूच वाचणार. तीस वर्षं परक्यांच्या वेलांट्या सरळ करत बसलीस, आता घरच्या माणसाच्या कर.

एवढी मोठी कादंबरी लहान कशी केली म्हणशील. बिनकामाची माणसं काढली. त्यात नायिकेची एक श्रीमंत आत्याबाई आहे आणि आत्याबाईने पगारावर ठेवलेली एक सोबतीण आहे. वय सदतीस, दिसायला बेताची. नायिका नाही, खलनायिका नाही, धड विनोदीही नाही. खिडकी लाव, शाल आण, पत्र पोचव, एवढंच तिचं काम. पुऱ्या पुस्तकात जेमतेम नऊ वेळा येते. मी ती मुळासकट उपटली. कथानकाला ओरखडासुद्धा पडला नाही.

दुसरी बातमी. तू आता इकडे राहायला ये. तुझी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली त्याला आठ महिने झाले. बाळ रांगायला लागलं तरी हिचं 'येते, येते' चालूच आहे. आईचं, म्हणजे तुझ्या मावशीचं, वय एक्याऐंशी. आई म्हणते, बारकी आली तर बरं होईल. जिन्याखालच्या खोलीत माझ्या विद्यार्थ्यांचे जुने पेपर आहेत, ते हलवतो. तुझं तिथे काय अडलंय? एक भाड्याची खोली आणि एक नोकरी. एकटा जीव.

कळव. म्हणजे विचार कळवायचा नाही, तारीख कळव.

तुझा,
दादा


११ जानेवारी

दादास नमस्कार.

बसून वाचलं.

प्रुफांचा पहिला गठ्ठा सोबत आहे. आधी कामाचं बोलते. आमच्या छापखान्याची एक पद्धत आहे, ती नीट समजून घे, मागाहून माझ्या नावाने बोटं मोडू नकोस. वाचताना काही खटकलं की मी समासात पेन्सिलीने शंका लिहिते आणि तिच्याभोवती गोल काढते. शंका पटली नाही तर तू तिच्यावर काट मारायचीस. काट न मारता पानाखाली सही केलीस तर शंका मान्य, आणि गोलात जे लिहिलंय ते छापलं जातं. हा नियम माझा नाही. मालकांच्या वडिलांनी केला, कारण एका लेखकाने पुस्तक छापून झाल्यावर छापखान्यात येऊन टेबल उलटं केलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे सही ती सही.

आता तुझं पुस्तक. चौथ्या प्रकरणात आत्याबाई म्हणते, वारा येतोय. पुढच्या ओळीत खिडकी लागलेली आहे. कोणी लावली? बाराव्यात पत्र वरच्या मजल्यावरून नायिकेच्या हातात येतं. चालत आलं का? पंधराव्यात दिवाणखान्यात चहा आलाय. तुझ्या घरात चहा आपोआप येतो हे मला माहीत आहे, पण वाचकांच्या घरात तो कोणीतरी करतं. आमचा म्हातारा कंपोझिटर जुळवता जुळवता म्हणाला, बाई, या घरात भूत आहे का?

म्हणून मी वाचनालयातून मूळ पुस्तक आणलं. माझी स्वतःची प्रत होती, निळ्या कापडी बांधणीची, तिन्ही खंड, शाळेत बक्षीस मिळालेली. ती तू एकतीस वर्षांपूर्वी आठवडाभर वाचायला नेलीस. आठवडा संपला की सांग. तर जिथे जिथे तू ती सोबतीण काढलीस, तिथे तिथे मी तिच्या ओळी आपल्या भाषेत करून गोलात लिहिल्या आहेत. नको असतील तर काट मार, मला राग येणार नाही.

तिकडे राहायला यायचं म्हणशील तर, बघू. मावशीला सांग, तिने पाठवलेले हातमोजे छान बसले.

बारकी


२० जानेवारी

प्रिय बारके,

तुझं 'बघू' पोचलं. लगेच आईला सांगितलं, बारकी येतेय. खोली रिकामी केली आणि फिकट पिवळा रंग दिला. पलंग सांगून ठेवलाय. रंग तुला विचारला नाही, पण तुला रंगांचं फारसं काही नसतं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

हल्ली तुझी पत्रं आई वाचून दाखवते. माझ्या डोळ्यांवर ताण येतो, आणि तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. जेवण झालं की मी आरामखुर्चीत पडतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. डोळे मिटून ऐकलेलं जास्त लक्षात राहतं असं माझं निरीक्षण आहे.

सगळ्या पानांवर सह्या केल्यात. आई एकेक पान पुढे ठेवते, मी सही करतो, ती पाकिटात घालते आणि स्वतः चालत जाऊन टपालात टाकते. या वयात तिचे हातपाय कसे चालतात, बघत राहावं. समासातल्या तुझ्या मुंग्या मी काही वाचल्या नाहीत. वेलांट्या-उकारांतलं तुला जास्त कळतं. मी मजकूर बघतो, तू टिंबं बघ. तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

येताना तिकडची ती जाड पावाची सुरी आण. इथली बोथट झालीय आणि तुझ्या वहिनीने दुसरी कुठे ठेवलीय ते कोणालाच माहीत नाही.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

दादास नमस्कार.

तुझ्या विश्वासाबद्दल आभार. तुझ्या सहीवर माझाही तितकाच विश्वास आहे.

दुसरा गठ्ठा पाठवतेय. यात एकविसावं प्रकरण आहे. त्यातलं एक पान तू गाळलंस, ते मी गोलात पूर्ण लिहिलंय. एवढं एक पान तरी डोळे उघडून वाच. गावचा पाद्री त्या सोबतिणीला मागणी घालायला येतो. म्हणतो, तुम्हाला रूप नाही, पैसा नाही, मागेपुढे कोणी नाही, तरी मी तयार आहे. किती विचार करून तयार झालो तेही सांगतो, दीड परिच्छेदभर. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "आपली आभारी आहे. पण माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं." पाद्री पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहतो. पुढचं वाक्य नाहीच. ती खिडकी लावायला निघून जाते.

हे पान तू काढलंस आणि नायिकेच्या नाचण्याचं वर्णन साडेचार पानं ठेवलंस. तिच्या झग्याला किती चुण्या होत्या हे मला आता पाठ झालंय.

आता खोलीचं बोलते. तुला वाटतं 'एक भाड्याची खोली', म्हणून सांगते. दुसरा मजला, रस्त्याकडची खिडकी. खिडकीला टेबल लावलंय, त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली तुझ्याच पीएच.डी.च्या प्रबंधाची छापील प्रत आहे. बरोबर बसते. सकाळी सात ते सव्वाआठ टेबलावर ऊन असतं. तेवढ्यात मी चहा पिते आणि माझ्यासाठी वाचते, कोणाच्याही चुका न काढता. मग छापखान्यात चालत जाते, तेरा मिनिटं. रविवारी वाचनालय. चोवीस वर्षं हे असंच चाललंय आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

मागच्या पत्रात मी 'बघू' लिहिलं ती माझी चूक. सरळ 'नाही' लिहायला मला संकोच वाटला. आता लिहिते. मी येणार नाही. आणि एक साधी गोष्ट विचारते. मावशी स्वयंपाक करते, पत्रं वाचते, टपालात चालत जाते. मग मी येऊन काळजी नक्की कोणाची घ्यायची आहे?

बारकी


१५ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं लांबलचक पत्र आईने वाचून दाखवलं. नाच, चुण्या इथपर्यंत ऐकलं. पुढे उन्हाचं काहीतरी होतं, तेव्हा मला जरा डुलकी लागली. उठल्यावर आईला विचारलं, महत्त्वाचं काय होतं? म्हणाली, सगळंच. आई आता थोडी विसरते.

असो. पत्राच्या लांबीवरूनच मी ओळखलं. तुला यायचंय, पण घरमालकीणबाईंना आणि छापखान्याच्या मालकांना तोंडाने सांगायला तुला जड जातंय. तुझा स्वभाव भिडस्त. म्हणून मी दोघांनाही आजच रीतसर पत्रं टाकली. ३१ मार्चला ती खोली सोडेल आणि कामही सोडेल, थोरला भाऊ या नात्याने कळवत आहे, वगैरे. आता तुझ्या डोक्यावरचा भार उतरला. आभार मानू नकोस.

ऊन हवं असेल तर सांगतो, जिन्याखालच्या खोलीला खिडकी नाही, पण बाहेर जिन्यात दिवा आहे आणि तो दिवसभर चालू ठेवायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यावर सह्या करून पाठवतोय. आईने फार मन लावून पानं पुढे ठेवली.

तुझा,
दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कर्तबगारीमुळे या आठवड्यात काय काय झालं ते ऐक.

सोमवारी छापखान्यात मालकांनी बोलावलं. तुझं पत्र त्यांच्या हातात होतं. सगळ्यांनी मिळून माझ्या निरोपासाठी भिंतीवरचं घड्याळ आणून ठेवलं होतं आणि म्हातारा कंपोझिटर डोळे पुसत होता. मी म्हटलं, मी कुठे जातेय? मालकांनी पत्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, यावर तुमची सही कुठे आहे? नाही म्हटल्यावर त्यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं. घड्याळ मात्र परत नेता येत नव्हतं, म्हणून ते मला दिलं. म्हणजे न जाण्याबद्दल मला निरोपाची भेट मिळाली.

मंगळवारी घरी आले तर माझ्या खोलीचं दार उघडं. आत एक अनोळखी मुलगी खुर्चीवर उभी राहून माझी खिडकी मापत होती. पडद्यासाठी. शाळेत नवीन लागलेली शिक्षिका आहे, स्वभावाने गोड. म्हणाली, किती छान ऊन येत असेल ना इथे. घरमालकीणबाईंना म्हटलं, पत्र माझं नाही. त्या म्हणाल्या, थोरल्या भावाने लिहिलंय, आता मी त्या मुलीला शब्द दिला. मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण त्या एकट्या बाईला देणार नाही, दोन माणसं असतील तरच. एकट्या बाईने दोन खोल्यांत काय करायचं असतं, हा प्रश्न त्यांना पडलाय.

तर ३१ मार्चनंतर मला जागा नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्याच खोलीत दार आतून लावून बसले. मला भीती वाटली दादा, आणि भीती वाटली याचा जास्त राग आला. तुझ्यावर आलाच, पण माझ्यावरही आला. ते 'बघू' मी लिहिलं नसतं तर तुझा पिवळा रंग वाया गेला नसता.

मावशी झोपमोड करून वाचून दाखवेल म्हणून पुढचं वाक्य मोठ्या अक्षरात, एका ओळीत लिहिते.

मी तुझ्याकडे राहायला येणार नाही.

शेवटचा गठ्ठा सोबत आहे. काम ते काम.

बारकी


१० मार्च

प्रिय बारके,

पुस्तक आलं. बांधणी देखणी झालीय. घरी पोचायच्या आधीच पेपरात परीक्षणही आलं, आणि काय परीक्षण. दीड रकाना. मी कात्रण चौकटीत लावलंय.

एक गंमत सांगतो. परीक्षणकर्ता नायिकेबद्दल दोन ओळी लिहितो आणि उरलेला सगळा मजकूर त्या सोबतिणीवर. म्हणे, 'माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं' हे पुस्तकातलं सर्वांत जिवंत वाक्य. म्हणे, एरवी भाषांतरकार अशा दुय्यम स्त्रियांना कात्री लावतात, प्राध्यापकांनी मात्र तिला सन्मानाने जागा दिली. मला आधी जरा कोड्यात पडल्यासारखं झालं, कारण मी ती काढल्याचं मला पुसट आठवत होतं. पण सहा वर्षांचं काम, कुठे काय ठेवलं हे कोणाच्या लक्षात राहतं? ठेवली असणार. साहित्यमंडळाने माझं व्याख्यान ठेवलंय, विषय 'दुर्लक्षित स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी'. हॉल भरणार.

तुझं मागचं पत्र मी स्वतः वाचलं. आई म्हणाली, या वेळी अक्षर मोठं आहे, तूच वाच. रागावलीस. मी मनावर घेत नाही. तुझ्या भल्यासाठी केलं, ते आज ना उद्या कळेल. राग निवळला की ३१ला गाडीत बस. तसंही आता तुला तिथे खोली नाही, मग जाणार कुठे?

आईही म्हणते, ये.

तुझा,
दादा

ता. क. सुरी विसरू नकोस.


१७ मार्च

दादा,

अभिनंदन. कात्रण मीही कापून ठेवलंय, कारण त्यातलं ते जिवंत वाक्य माझ्या पेन्सिलीने तुझ्या समासात लिहिलेलं आहे.

तू ती काढली होतीस, तुला बरोबर आठवतंय. नऊच्या नऊ ठिकाणी मी तिला शंका म्हणून परत पाठवली आणि नऊच्या नऊ ठिकाणी तुझी सही आहे. प्रुफं आमच्या कपाटात जपून ठेवली आहेत, केव्हाही येऊन बघ. मी चोरून काही केलं नाही. नियम पहिल्याच पत्रात लिहिला होता. तू न वाचता सही केलीस आणि मी ती होकार म्हणून धरली. तूही माझं न ऐकता माझा होकार धरलास. फरक एवढाच की माझ्यामुळे तुझं नाव झालं आणि तुझ्यामुळे माझी खोली गेली.

व्याख्यान जरूर दे. त्याआधी पुस्तक वाच. शेवटचं प्रकरण तर वाचच. सगळ्यांची लग्नं होतात आणि लेखक त्या सोबतिणीबद्दल एकच ओळ लिहितो: तिने मेणबत्तीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या, ती सुखी होती की नाही हे कोणी विचारलं नाही, त्यामुळे तिला सांगावंही लागलं नाही.

ही ओळ लिहिताना मी किती खूश होते म्हणून सांगू. वाटलं, हिला मीच एकटीने ओळखलं. आणि काल तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली तेव्हा माझं तोंड उतरलं. 'आई म्हणते', 'आईही म्हणते', 'आईने पानं पुढे ठेवली'. तुझ्या प्रत्येक पत्रात एक बाई खिडकी लावतेय, आणि मी तिला हातमोज्यांबद्दल एका ओळीचा निरोप पाठवून मोकळी झालेय. म्हणजे मीही तुझीच बहीण.

मावशी, तू हे वाचत असशीलच. दादा आता घोरत असेल. मला तुझ्याकडून ऐकायचंय. तू खरंच म्हणालीस का, बारकी आली तर बरं होईल? तुला काय हवंय? समासात लिहून पाठव, पेन्सिलीने चालेल.

माझं म्हणशील तर अजून जागा मिळालेली नाही. चार ठिकाणी पाहिलं. सगळीकडे विचारतात, अजून कोण आहे?

बारकी


२६ मार्च

बारके,

आई घरात नाही. परवा जेवण झाल्यावर तुझं पत्र वाचत होती. मी जागा झालो तर पत्र टेबलावर, चष्म्याचं घर नाही, छत्री नाही, चामड्याची लहान पेटी नाही. आधी वाटलं टपालात गेली. सहा वाजले तेव्हा वाटलं, हे टपाल नव्हे. शेजारी म्हणतात, स्टेशनकडे चालत जाताना पाहिलं, हातात पेटी होती आणि चाल ताठ होती.

तिकडे आली आहे का? उलट टपाली कळव. तिला काय झालं? घरात तिला काही कमी नव्हतं. मी तिला कधी काही बोललो नाही. तेच आठवतोय, कधी काय बोललो.

कालपासून चहा नाही. पूड सापडत नाही. खिडकी रात्रभर आपटत होती. झोप येईना म्हणून पुस्तक वाचलं. सगळं वाचलं.

उद्या व्याख्यान आहे. काय बोलावं कळत नाही.

दादा


३० मार्च

चिरंजीवास,

मी इथे पोचले. गाडीत खिडकीची जागा मिळाली. प्रकृती चांगली आहे, काळजी करू नकोस. काळजी करायची सवय नाही तर आता एकदम सुरू करू नकोस.

चहाची पूड निळ्या डब्यात, ओट्याच्या वर, दुसऱ्या फळीवर. चौतीस वर्षं तिथेच आहे. पावाची दुसरी सुरी त्याच्या शेजारी. खिडकीची कडी वर उचलून मग दाबावी लागते.

घाबरून विचारलंस म्हणून सांगते. तू मला काही बोलला नाहीस हे खरंच आहे. काही विचारलंही नाहीस. 'बारकी आली तर बरं होईल' असं मी कधी म्हणाले नाही. मी म्हणाले होते, बारकीचं बरं आहे. तिचं पत्र आलं की मला तिच्या खोलीतलं ऊन दिसायचं आणि तू घोरायचास. तिने पहिल्यांदा 'येणार नाही' लिहिलं ते मी दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्याने.

मला इंग्रजी येत नाही, पण समासातलं सगळं मी वाचलं. ती सोबतीण मला आवडली. एका पानावर तुला शंका आली आणि तू काट मारायला पेन उचललंस, ते उन्हाचं पान होतं. तेव्हा मी विचारलं, चहा टाकू का? तू पेन खाली ठेवलंस, हो म्हणालास आणि सही केलीस. चहा आपोआप येत नाही, तो असा येतो.

मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. घरमालकीणबाईंना दोन माणसं हवी होती, आम्ही दोन आहोत. ऊन संध्याकाळचं येतं. बारकी दोन दिवस कुरकुरली, मग टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. तुझा प्रबंध पायाखाली पुन्हा बरोबर बसला. मी पेटीत साड्या दोनच घेतल्या, कारण तीन निळी पुस्तकं घालायची होती. ती तिची होती. तिने ती हातात घेतली. ती रडली, मी रडले, मग आम्ही जेवलो.

निघताना मी टपालात इथला पत्ता देऊन आले होते, म्हणून सूनबाईचं पत्र इथेच आलं. विचारतेय, तिसरी खोली आहे का.

व्याख्यान चांगलं झालं असं बारकीने पेपरात वाचलं. तू खरं काय ते सांगून टाकलंस म्हणे, आणि लोक हसले. बरं केलंस. पिवळ्या खोलीत तूच झोपत जा, तिथे आवाज कमी येतो.

हे पत्र वाचून दाखवायला कोणी नाही, तेव्हा चष्मा लाव आणि समास बघ. तिथे मी गोल काढून एक शंका लिहिली आहे, बारकीने पेन्सिल दिली. 'मी आता इथेच राहणार. हरकत असेल तर काट मारून पत्र परत पाठवावं.'

काट मारलीस तरी मी इथेच आहे.

आई